काहीतरी करायला हवं

एखाद्याला लागलं की भोवती माणसं जमतात. त्या घोळक्यात सर्वांत शांत कोण असेल, तर बरेचदा ज्याला लागलंय तोच. तो आपला बसून असतो, स्वतःच्या रक्ताकडे काहीशा नवलाने बघत. बेचैन असतात ती बाकीची मंडळी. एक पाणी आणायला धावतो, दुसरा रुमाल शोधतो, तिसरी "बर्फ, बर्फ" म्हणत असते, चौथा त्याचं डोकं मागे करतो, आणि कोणीतरी मागून बजावतं, "झोपू देऊ नका हं त्याला." त्या बिचाऱ्याचा झोपायचा काही विचारही नसतो.

मी डॉक्टर नाही. प्रथमोपचाराचे वर्ग केले आहेत, त्या विषयावरचं हाती लागेल ते वाचते, आणि अशा घोळक्यांकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघते. बघून बघून माझं एक मत झालं आहे. प्रथमोपचाराबद्दलचे आपले पुष्कळसे गैरसमज माहितीच्या अभावापेक्षा मदत करणाऱ्याच्या बेचैनीतून आलेले असतात. समोर कुणी कळवळत असताना नुसतं उभं राहणं आपल्याला सहन होत नाही. काहीतरी करायला हवं असतं. आणि योग्य उपचार बहुतेक वेळा भलताच नीरस असतो: हात पाण्याखाली धरायचा, जखम दाबून बसायचं, कुशीवर वळवून वाट बघायची. त्यात काही केल्याचं समाधान नाही. चुकीच्या उपचारात ते भरपूर मिळतं. काहीतरी चोपडलं जातं, फेस येतो, झोंबतं, करकचून बांधलं जातं.

भाजण्याचंच बघा. इस्त्रीला बोट लागलं, वाफ हातावर आली, उकळतं पाणी पायावर सांडलं. पहिल्या मिनिटाभरात जे काही बाहेर निघतं त्याची यादी जगभर थोड्याफार फरकाने सारखीच असते: टूथपेस्ट, लोणी, तेल, शाई, कसलीशी पूड. टूथपेस्टने गार वाटतं हे खरं आहे. पुदिन्याच्या वासाच्या पेस्टमध्ये मेंथॉल असतं आणि ते त्वचेतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्वचेचं तापमान मात्र होतं तेवढंच राहतं. मेंदूची फसवणूक होते आणि कातडी आतून शिजत राहते. वर स्निग्ध थर बसला की उष्णता बाहेर पडायला आणखी अडथळा, आणि नंतर डॉक्टरांना तो सगळा थर खरवडून काढल्याशिवाय खाली किती भाजलंय हे दिसत नाही. ते खरवडणं किती दुखतं हे ज्याने सोसलंय त्यालाच विचारावं.

शेगडी बंद केली म्हणून तवा लगेच थंड होत नाही, तसंच भाजलेल्या त्वचेचं असतं. चटका बसून गेला तरी उष्णता खालच्या थरांत उतरत राहते आणि तिथल्या पेशी मारत राहते. ती काढून घ्यायला वाहतं गार पाणी लागतं, २० मिनिटं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले या विषयातले तज्ज्ञ हाच कालावधी सांगतात, आणि त्यापुढे असंही सांगतात की भाजल्यानंतर तीन तासांच्या आत हे केलं तरी उपयोग होतो. हे तीन तासांचं कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. 'आता काय, भाजून अर्धा तास झाला' म्हणून लोक नळाकडे जातच नाहीत, मलमाची ट्यूब शोधत बसतात.

बर्फाचा मोह इथे सर्वांत मोठा. गार पाणी चांगलं, तर बर्फ त्याहून चांगला असणार, असं साधं गणित असतं. पण बर्फाने त्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात. आधीच होरपळलेल्या पेशींना जे थोडंफार रक्त मिळत असतं तेही तुटतं, आणि बधिर झालेल्या जागी गारठ्याची दुसरी इजा झाली तरी कळत नाही. पाण्याखाली हात धरून झाला, सूज यायच्या आत अंगठी, घड्याळ, बांगडी काढली, की वर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म अलगद ठेवायची, गुंडाळायची नाही. ती चिकटत नाही आणि तिच्यातून जखम दिसते. फोड आले तर ते फोडायचे नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. लहान मुलाचं बरंच अंग भाजलं असेल तर भाजलेला भाग गार करताना बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवायचं, नाहीतर पोर गारठतं.

एक गैरसमज मात्र याहून गंभीर आहे: दुखत नाही म्हणजे फारसं भाजलं नाही. उलट असू शकतं. चटका खूप खोल गेला तर दुखणं मेंदूपर्यंत नेणारी मज्जातंतूंची टोकंच जळून जातात. पांढरट किंवा करपलेली, चामड्यासारखी झालेली आणि हात लावला तरी न दुखणारी जागा ही थेट रुग्णालयात नेण्याची जागा आहे. लालभडक आणि ठणकणाऱ्या जागेची माणसं जास्त धास्ती घेतात, कारण ती ओरडायला लावते.

रसायनाने भाजलं की शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र आडवं येतं. आम्ल सांडलं, मग त्यावर अल्कली टाका, एकमेकांना मारतील. मारतील खरे, पण त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि ती त्याच कातडीवर होते. तिथेही पाणीच, भरपूर आणि बराच वेळ. डोळ्यात गेलं असेल तर निदान १५ ते २० मिनिटं, पापणी उघडी धरून.

घोळणा फुटला की डोकं मागे करायचं, हे तर जणू अंगवळणी पडलं आहे. मागे केलं की रक्त दिसेनासं होतं. ते थांबलेलं नसतं, घशातून पोटात उतरत असतं, आणि थोड्या वेळाने उलटीतून बाहेर येऊन सगळ्यांची आणखी घाबरगुंडी उडवतं. करायचं ते एवढंच: पुढे वाकून बसायचं, नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि १० ते १५ मिनिटं चिमूट सोडायची नाही. नाकातून येणारं बहुतेक रक्त दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येतं, आणि ती जागा नेमकी या चिमटीत सापडते. लोक वरचं हाड दाबतात. हाडाला त्याचं काही वाटत नाही.

ही दहा मिनिटं किती लांब असतात याचा धडा मला एका वर्गात मिळाला. प्रशिक्षक बाईंनी आमच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याच्या हातावर गॉज ठेवून दाबून धरायचं, तिथून मोठं रक्त वाहतंय असं समजायचं आणि त्या सांगतील तेव्हाच सोडायचं. खोटं रक्त वगैरे काही नव्हतं. मिनिटभरात कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळाने लोक गॉजचं टोक उचलून खाली बघू लागले. खाली बघण्यासारखं काही नाही हे माहीत असूनही! बाई हसल्या आणि म्हणाल्या, प्रत्येक वर्गात हेच होतं. त्या उचलून बघण्यातच नुकती धरू लागलेली रक्ताची गुठळी निघून येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आणखी एक गोष्ट आपणहून केली होती, जोडीदाराचा हात वर धरला होता. जखमी हात-पाय वर उचलून धरा हे जुन्या पुस्तकांत असायचंच. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र रक्त थांबवण्यासाठी अवयव उंच धरणं आणि दूरच्या ठिकाणी धमनी दाबणं या दोन्ही गोष्टी सुचवणं सोडून देण्यात आलं. त्यांचा उपयोग होतो असं सिद्ध झालं नव्हतं, आणि त्या नादात जखमेवरचा सरळ दाब मात्र ढिला पडतो.

आता जखमा धुण्याविषयी. हा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस येतो आणि आपण म्हणतो, बघ, जंतू मरतायत. तो फेस बहुतांशी आपल्याच रक्तातल्या आणि पेशींमधल्या कॅटलेज नावाच्या विकराची करामत असते. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि बुडबुडे ऑक्सिजनचे असतात. जंतू एकही नसला तरी फेस येईल. जंतू मरत नाहीत असं नाही, पण जखम भरून काढायला आलेल्या पेशीही त्यात भाजून निघतात. स्पिरिटचं तेच. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं कुणी तरी आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. औषध कडू असलं की गुणकारी, त्याच घराण्यातली ही समजूत.

तिचा उगम अगदीच निराधार मात्र नाही. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोत शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडलं होतं आणि तिथली कातडीही फाटली होती. त्या काळी अशा अस्थिभंगाला पाय कापणं हाच सर्रास उपाय, आणि तरीही जंतुसंसर्गाने माणसं मरत. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. मुलगा बरा झाला, पायासकट. १८६७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. जंतुनाशक झोंबतं, पण जीव वाचवतं, ही श्रद्धा तिथून पुढे पक्की होत गेली असावी.

पुढचं प्रकरण तेवढं प्रसिद्ध नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन इथे एका युद्धकालीन प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. त्यांचा पेनिसिलिनचा शोध अजून दशकभराहून अधिक दूर होता. स्फोटात झालेल्या जखमांमध्ये डॉक्टर प्रखर जंतुनाशकं ओतत होते आणि सैनिक तरीही मरत होते. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी घेतली आणि तिच्या बुडाला तापवून काचेचे पोकळ काटे ओढले. फाटक्यातुटक्या जखमेत असतात तसे कानेकोपरे तयार झाले. त्यात जंतू असलेला द्रव भरला, तो ओतून टाकला, जंतुनाशक भरलं, तेही ओतून टाकलं, आणि पुन्हा स्वच्छ द्रव भरून ठेवला. काही वेळाने जंतू परत हजर. काट्यांच्या टोकाशी औषध पोचलंच नव्हतं. शिवाय या औषधांनी जंतूंच्या आधी शरीराच्या पांढऱ्या पेशीच मरतात, हेही त्यांनी दाखवलं. खोल जखमेत औषध ओतण्यापेक्षा ती स्वच्छ करा, मेलेलं मांस काढा आणि साध्या क्षारयुक्त पाण्याने धुवा, असं ते आणि त्यांचे वरिष्ठ आल्म्रॉथ राइट सांगत राहिले. फार थोड्यांनी ऐकलं. ऐकणं कठीणच होतं म्हणा. समोर जखमी तरुण आणि हातात औषधाची बाटली असताना "पाण्याने धुवा" हा सल्ला कुणाला पुरेसा वाटेल?

आज साध्या जखमेसाठी तोच सल्ला आहे. पिण्याजोगं नळाचं पाणी, धार लावून, माती निघेपर्यंत. नळाच्या पाण्याने धुतलं म्हणून निर्जंतुक सलाइनपेक्षा संसर्ग वाढतो असं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलेलं नाही.

धुऊन झालं की पुढचा वाद: झाकायची की उघडी ठेवायची? "हवा लागू दे, खपली धरू दे" हे वाक्य इतक्या मायेने म्हटलं जातं की त्याला विरोध करवत नाही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण समजून घेतलं की साधं वाटतं. नव्या पेशींना सरकत सरकत जखम ओलांडायची असते. वर कोरडी, टणक खपली असली की त्यांना तिच्याखालून, ओल शोधत, खोलवरून वाट काढावी लागते. आपण ज्या खपलीला बरं होण्याची खूण मानतो ती त्या पेशींच्या वाटेतली भिंत असते. विंटर यांच्या या कामातून आधुनिक ड्रेसिंगचं सगळं शास्त्र उभं राहिलं, पण "हवा लागू दे" काही मागे हटलेलं नाही.

गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो, ही समजूत अर्धवट खरी असल्यामुळेच चिवट आहे. गंजात धनुर्वात नसतो. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर यांनी बागेतली माती प्राण्यांना टोचून धनुर्वात घडवून दाखवला होता. गुन्हेगार आहेत ते मातीतले क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूचे बीजाणू. त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते, आणि खिळ्याने पडलेलं अरुंद, खोल भोक ही अशी उत्तम जागा. गंजका खिळा बहुधा मातीत पडलेला असतो, एवढाच काय तो गंजाचा संबंध. चकचकीत सुई, काटा, फाटी, प्राण्याचा चावा यांनीही तेच होऊ शकतं. "खिळा नवा होता, इंजेक्शनची गरज नाही" असं म्हणणारा माणूस धोक्यात असतो. आणि जखम दिसायला जितकी भयंकर तितकी जोखीम मोठी असंही नाही. भळाभळा वाहणारी उथळ जखम स्वतःला धुऊन काढते. टोचून बंद झालेली, रक्ताचा एकच थेंब आलेली जखम जास्त संशयास्पद. लसीची शेवटची मात्रा कधी घेतली हे बहुतेकांना आठवत नाही, म्हणून ती तारीख कुठेतरी लिहून ठेवलेली बरी.

मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत तर पुस्तकाने स्वतःचंच म्हणणं खोडलं. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच, ही चौकडी गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडली. इंग्रजी आद्याक्षरांचा 'राइस' हा शब्द झाला आणि तो प्रत्येक मैदानावर पोचला. साधारण पस्तीस वर्षांनी त्याच मर्किन यांनी जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं होणं लांबू शकतं. दाह ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. सुजेतून येणाऱ्या पेशीच पुढचं काम सुरू करतात. बर्फाने दुखणं कमी होतं हे खरं, आणि तेवढ्यासाठी कापडात गुंडाळून थोडा वेळ लावायला हरकत नाही. पण दोन-दोन दिवस पाय बर्फात आणि आठवडाभर पलंगावर, हे आता जुनं झालं. झेपेल तितकी हालचाल लवकर सुरू करायची, असा कल आहे. आपण लिहिलेलं जगभर पाठ झाल्यावर "मी चुकलो असेन" म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. ज्यांनी ते पाठ केलं ते मात्र अजून तेच म्हणतात.

मुरगळण्यावरूनच आठवलं: "बोटं हलतायत ना? मग मोडलेलं नाही." मोडलेल्या हाताची बोटं हलू शकतात, मोडलेल्या पायावर माणसं चार पावलं चालतातही. आणि वाकडं दिसतंय म्हणून ओढून सरळ करणारा एक तरी हौशी प्रत्येक ठिकाणी असतो. जसं आहे तसंच, आधार देऊन ठेवायचं. आत घुसलेल्या वस्तूचंही तेच. काच, सळई, चाकू जे काही रुतलंय ते कदाचित फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखं बंद करून बसलेलं असतं. ते उपसणं म्हणजे बूच काढणं. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ते हलणार नाही एवढं बघायचं.

पडलेला दात मात्र याच्या उलट. पक्का दात पडला तर लोक तो घासून स्वच्छ करतात आणि कागदात गुंडाळून ठेवतात. मुळावरच्या ज्या नाजूक पेशींमुळे तो परत रुजू शकतो त्याच घासून निघतात आणि उरलेल्या वाळतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, घाण असेल तर क्षणभर धुवायचा, शक्य असेल तर परत खाचेत बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

आकडी आली की तोंडात चमचा घालायचा, नाहीतर जीभ गिळेल. जीभ गिळता येत नाही. ती तोंडाच्या तळाशी बांधलेली असते. चमच्याने दात मात्र तुटतात आणि बोट घातलं तर बोट. हातपाय दाबून धरले तरी झटके थांबत नाहीत. आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, घड्याळ बघायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर रुग्णवाहिका. सापाच्या दंशावर चिरा देऊन विष चोखण्याचीही तीच गत. चोखण्याचं एक विकाऊ यंत्रही प्रयोगात तपासलं गेलं, २००४ मध्ये. रक्ताळलेला द्रव निघाला, विषाऐवजी टोचलेला पदार्थ त्यात जवळजवळ नव्हताच. माणसाला स्थिर ठेवणं, अंगठ्या काढणं आणि प्रतिविष असलेल्या ठिकाणी नेणं यात मर्दुमकी काहीच नाही, म्हणून चिरा देणं टिकून आहे.

आणि ती झोपेची धमकी. डोक्याला मार लागल्यावर झोपल्यामुळे काही बिघडत नाही. भीती वेगळीच आहे. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागलं तर माणूस आधी ठीक असतो, बोलतो, हसतो आणि मग अचानक ढासळतो. २००९ च्या मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन बर्फावर स्कीइंग शिकताना पडल्या. आपण ठीक आहोत म्हणून त्यांनी सुरुवातीला मदत नाकारली, आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. कारण हाच रक्तस्राव. झोपलेल्या माणसाचं हे ढासळणं लक्षात येत नाही, एवढाच झोपेचा दोष. त्याला रात्रभर गप्पा मारून जागं ठेवल्याने आतलं रक्त थांबत नाही. बघायचं ते हे: उलट्या परत परत होतायत का, डोकेदुखी वाढतेय का, एक बाहुली मोठी दिसतेय का, बोलणं असंबद्ध होतंय का, कानानाकातून पाण्यासारखं काही येतंय का. यातलं काहीही दिसलं तर रात्र जागवायची नसते, निघायचं असतं.

बेशुद्ध किंवा गंभीर जखमी माणसाला पाणी पाजणं ही तर माणुसकीची खूणच समजली जाते. बेशुद्धाच्या घशातून ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया लागणार असेल तर भरलेल्या पोटावर भूल देणं धोक्याचं होतं. ओठ ओले करावेत, फार तर. घाईघाईने चौघांनी उचलून गाडीत कोंबणं हेही त्याच जातीचं. आग, पाणी, वाहती रहदारी असा धोका नसेल तर मणक्याला इजा झाल्याचा संशय असलेला माणूस जिथे आहे तिथेच बरा. तिथे आमच्या प्रशिक्षक बाईंची युक्ती मला पटते. "कुणीतरी फोन करा" असं हवेत म्हणायचं नाही. बोट दाखवून, "निळा शर्ट, तुम्ही फोन लावा आणि इथे येऊन मला सांगा", "तुम्ही फाटकापाशी उभे राहा", असं म्हणायचं. त्यामुळे कामं होतात आणि जखमीला ओढायला टपलेले चार हात दुसरीकडे गुंततात.

इतका वेळ मी हात आवरण्याचं कौतुक करतेय. पण काही जागा अशा आहेत जिथे नेमके सगळे हात मागे घेतात.

एक म्हणजे हातापायातून उसळून येणारं रक्त. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं, आणि मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. अशा वेळी टूर्निकेट, म्हणजे दांडीने पीळ देऊन आवळण्याचा पट्टा, जीव वाचवतो. पण "तो लावला की पाय कापावा लागतो" या भीतीने तो पिढ्यान् पिढ्या बदनाम होता. फ्रान्समधल्या झां-लुई पेती यांनी १७१८ च्या सुमाराला स्क्रूचा टूर्निकेट बनवला, तरी पहिल्या महायुद्धानंतर डॉक्टरांचंच त्याच्याबद्दलचं मत वाईट झालं. तासन् तास आवळलेले पाय घेऊन सैनिक रुग्णालयात येत. दोष उशिराचा होता, नाव पट्ट्याचं खराब झालं. इराक युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या जखमींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त वाहून माणूस शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी पट्टा लावला त्यांतले ९० टक्के जगले, नंतर लावला त्यांतले १० टक्के. निव्वळ पट्ट्यामुळे हात किंवा पाय गमावल्याचं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही. दोन तासांपर्यंत तो सहसा सुरक्षित मानतात.

पण दोरी, तार, बुटाची नाडी बांधून चालत नाही. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा अनेकांनी कपडे आणि पट्टे वापरून जखमींचे पाय बांधले. त्यातून शिकलेली गोष्ट अशी की घरगुती बांधणी बरेचदा पुरेशी घट्ट होत नाही. अर्धवट आवळलं तर फक्त वरवरच्या शिरा बंद होतात. रक्त आत येत राहतं, परत जायला वाट नसते, आणि जखमेतून आणखीच वाहतं. पट्टा साधारण चार सेंटिमीटर तरी रुंद हवा, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत पीळ. भयंकर दुखतं. जखमी ओरडतो, हात जोडतो, आणि बांधणारा दयेपोटी सैल करतो. सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ लिहायची. ज्यांना पट्टा मिळत नाही त्यांनी जखमेत कापड कोंबून सगळ्या वजनाने दाबायचं.

दुसरी जागा विजेच्या धक्क्याची. प्रवाह चालू असेपर्यंत हात लावायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बटण बंद केल्यावरही लोक लांब उभे राहतात. अंगात वीज शिल्लक राहत नाही, आकाशातली वीज पडलेल्याच्याही नाही. त्याचं हृदय मात्र थांबलेलं असू शकतं. हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, म्हणजे फोन करून छाती दाबायला लागायचं. अधूनमधून येणारे मोठे, घोगरे आचके हा श्वास नसतो. तो चालू आहे समजून थांबणं ही फार सर्रास होणारी गफलत आहे. छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी मांडलं, तेव्हापासून लोकांना अडवणारी शंका एकच: बरगडी मोडली तर? मोडते कधी कधी. तरी दाबत राहायचं. छातीच्या मध्यावर, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाला तोंड लावायची तयारी किंवा शिकवण नसेल तर नुसतं दाबणंही काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. मिनिटा-दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतो, करणाऱ्याला आपण दमलोय हे कळायच्या आधीच. म्हणून जवळ दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी बदलायचं, पहिला "मी अजून ठीक आहे" म्हणाला तरी.